आधी सोफ्याची जागा ठरवा, मग स्पीकर निवडा

प्रश्न : पुण्यात आमच्या नव्या थ्री बीएचके फ्लॅटचं काम सुरू आहे. हॉल ११ फूट बाय २३ फूट, छत साडेनऊ फूट. डायनिंग त्यातच आणि त्याच्या पलीकडे भिंत नसलेलं स्वयंपाकघर. टीव्ही लांब भिंतीवर येणार, समोरच्या भिंतीला टेकून सोफा. सोफ्यावर बसलं की डाव्या हाताला बाल्कनीचं काचेचं स्लायडिंग आणि उजव्या हाताला भिंतच नाही, थेट डायनिंग. मिस्टरांना थिएटरसारखा आवाज हवाय. सासूबाईंची तक्रार वेगळी आहे. आताच्या टीव्हीवर आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. दुकानदाराने ७.१.४ चं (भोवती सात स्पीकर, एक सबवूफर, वर चार) कोटेशन दिलंय, त्यात समोर दोन टॉवर (जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर) आणि आठ इंची सबवूफर (फक्त खालच्या बाससाठीचा) आहे. इंटिरियरवाल्या म्हणतात, काहीच दिसायला नको, सगळे स्पीकर छतात बसवू. दीर म्हणतात, साउंडबार घ्या आणि मोकळे व्हा. बजेट दोन लाख. पंधरा दिवसांत पीओपीचं काम सुरू होईल. खालच्या मजल्यावर वयस्कर जोडपं राहतं, त्यांना त्रास नको. एवढ्या मोठ्या हॉलला पुरतील असे स्पीकर कोणते?

उत्तर :

नमस्कार. तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करू या. ‘एवढ्या मोठ्या हॉलला पुरतील असे’ या शब्दांत एक गृहीत धरलेली गोष्ट आहे आणि दुकानदाराचं कोटेशनही त्यावरच उभं आहे : हॉल मोठा, म्हणून स्पीकर मोठे आणि जास्त. पण सिनेमा बघतात ती सोफ्यावर बसलेली तीन-चार माणसं, हॉल नव्हे. तेवीस फुटांपैकी सिनेमासाठी लागणारी जागा जेमतेम बारा फुटांची आहे. डायनिंग टेबलाशी बसलेल्या माणसाला हेलिकॉप्टर डोक्यावरून गेल्यासारखं वाटायची काही गरज नाही. तिथे नीट ऐकू आलं तरी पुष्कळ झालं.

म्हणून दोन मापं वेगवेगळी घ्या. बोलणं, संगीत, पावलांचे आवाज, म्हणजे साधारण ८० हर्ट्झच्या वरचं सगळं (हर्ट्झ हे फ्रिक्वेन्सीचं, म्हणजे सेकंदाला किती कंपनं याचं माप; आकडा जितका कमी तितका आवाज जाड), यासाठी फक्त सोफा ते स्पीकर हे अंतर मोजायचं. त्याखालचा बास मात्र सोफ्यापाशी थांबत नाही. ४० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट २८ फूट लांब असते. तिला तुमचा हॉल, स्वयंपाकघर आणि बेडरूमकडे जाणारा पॅसेज ही एकच खोली वाटते. त्यामुळे बाससाठी अख्खं मोकळं घर मोजावं लागतं. तुमच्या कोटेशनमध्ये नेमकं उलटं झालंय. जिथे गरज नाही तिथे टॉवर आहेत आणि जिथे खरी गरज आहे तिथे आठ इंची सबवूफर आहे.

आधी वरच्या आवाजाचा हिशेब करू. सोफा भिंतीपासून थोडा पुढे घेतला (त्याचं कारण पुढे येईल) तर कान ते स्पीकर अंतर आठेक फूट होतं. बाजारातल्या बऱ्याच बुकशेल्फ (स्टँडवर किंवा फळीवर ठेवायच्या छोट्या) स्पीकरांची सेन्सिटिव्हिटी ८६ डेसिबलच्या आसपास असते. म्हणजे एक वॅट दिला की एक मीटरवर ८६ डेसिबल. आठ फुटांवर ते साधारण ७८ होतात. वॅट दुप्पट केले की तीन डेसिबल वाढतात, म्हणून २५ वॅटला तुम्ही ९२ डेसिबलवर पोचता. फ्लॅटमध्ये संवाद ६५ ते ७० डेसिबलवर ऐकले जातात, ९२ म्हणजे दचकवणारा स्फोट. याचा अर्थ, आठ ओहमला चॅनलमागे, म्हणजे प्रत्येक स्पीकरमागे, ७०-८० वॅट खरोखर देणारा रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) तुम्हाला पुरून उरेल. आकडा बघताना तो किती चॅनल चालू असताना आणि कुठल्या फ्रिक्वेन्सीवर मोजलाय हे वाचा. ‘दोन चॅनल, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ८ ओहम’ असं लिहिलेला आकडा घ्यायचा. ‘एक चॅनल, १ किलोहर्ट्झ, ६ ओहम, १० टक्के डिस्टॉर्शन’ असं असेल तर तो फुगवलेला समजा. खोक्यावर हजारांत लिहिलेल्या पीएमपीओ (क्षणभराच्या कमाल जोराच्या) वॅटला तर काहीच अर्थ नाही.

आता टॉवर. टॉवरचे जास्तीचे पैसे मुख्यतः खालच्या बाससाठी असतात. पण सबवूफर जोडला की रिसीव्हरमध्ये समोरचे स्पीकर ‘स्मॉल’ करून ८० हर्ट्झच्या खालचं सगळं सबवूफरकडे पाठवायचं असतं, आणि तेच योग्य आहे. मग ज्या बाससाठी टॉवर घेतला तो त्याच्याकडे जातच नाही. साडेपाच-साडेसहा इंची वूफर असलेला चांगला बुकशेल्फ ५५-६० हर्ट्झपर्यंत उतरतो, म्हणजे ८० च्या क्रॉसओव्हरला (आवाज सबवूफरकडे वळतो त्या सीमेला) त्याच्याकडे पुरेशी शिल्लक राहते. बहुतेक टॉवरांचं पोर्ट (हवा बाहेर सोडणारं भोक) मागे असतं आणि त्यामागे फूटभर मोकळी जागा लागते. ११ फुटी खोलीत तो फूट तुमच्याकडे नाही. भिंतीला चिकटवला की आवाज घुमू लागतो.

सगळ्यात जास्त विचार सेंटर, म्हणजे टीव्हीपाशी मधोमध असणाऱ्या, स्पीकरचा करा, कारण सासूबाईंची तक्रार आणि मिस्टरांची हौस दोन्ही तिथेच येऊन मिळतात. सिनेमातले बहुतेक संवाद सेंटरमधून येतात. आणि दुकानात सगळ्यात कमी लक्ष त्याच्याकडेच दिलं जातं, टॉवरबरोबर ‘मॅचिंग’ म्हणून तो पदरात पडतो. नेहमीचा सेंटर आडवा असतो : मध्ये ट्विटर (बारीक आवाजांचा), दोन्ही बाजूंना एकेक वूफर (जाड आवाजांचा). समोर बसलेल्याला तो छान वाटतो. पण बाजूला सरकलं की दोन वूफरांचे आवाज कानापर्यंत थोडे मागेपुढे पोचतात, काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना खोडतात आणि बोलणं दबकं होतं. तुमच्याकडे सोफ्याच्या टोकाला कोणी बसणार, कोणी डायनिंगवरून बघणार. नेमकी तीच माणसं तक्रार करतील. यावर दोन उपाय आहेत. एक, थ्री-वे सेंटर घ्या, ज्यात मध्यभागी ट्विटरच्या खाली छोटा मिडरेंज (मधल्या आवाजांचा) असतो आणि वूफर त्याच्या दोन बाजूंना. दुसरा उपाय त्याहून सरळ आहे : समोरचे तिन्ही स्पीकर एकाच मॉडेलचे बुकशेल्फ घ्या आणि मधलाही उभाच ठेवा. त्यासाठी टीव्ही थोडा वर न्यावा लागेल किंवा टीव्ही युनिट ठेंगणं करावं लागेल, पण आवाज तिन्हीकडून एकसारखा येतो. जोडीतच विकत असतील तर चौथा सुटा राहतो. दुकानदाराला एक सुटा मागून बघा, काही कंपन्या देतात.

सेंटर कसा ठेवला यावर निम्मा निकाल लागतो. टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत सारला की कप्प्याच्या पृष्ठभागांवरून आवाज परततो आणि शब्द अस्पष्ट होतात. स्पीकरचं तोंड फळीच्या पुढच्या कडेशी आणा, अर्धा इंच पुढे आलं तरी चालेल. मागे पोर्ट असेल तर मागे चार-सहा इंच मोकळे ठेवा आणि कप्प्याला मागची फळी लावूच नका. स्पीकर कानापेक्षा खाली असेल तर पुढच्या बाजूला रबराचे बूच लावून त्याचं तोंड सोफ्याकडे किंचित वर करा. सुताराला शटर हवंच असेल तर लाकडी पट्ट्यांऐवजी पातळ जाळीदार कापडाचं शटर करायला सांगा.

एक गोष्ट मात्र स्पीकर घेऊन सुटणार नाही. बोलणं सहज कळायला ते आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा सुमारे १५ डेसिबल वर असावं लागतं. पूर्ण वेगातली चिमणी स्वयंपाकघरात साठच्या आसपास आवाज करते. त्यात पंखा, फ्रिज, मिक्सर. मध्ये भिंत नाही, म्हणजे हे सगळं सोफ्यापर्यंत येतं. मग आवाज वाढवला जातो, डायनिंगवरची माणसं आणखी मोठ्याने बोलतात, आणि तो पुन्हा वाढवावा लागतो. मोबाइलवरचं डेसिबल मोजायचं ॲप अचूक नसतं, पण फरक दाखवायला पुरतं. सोफ्यावर बसून पंखा आणि चिमणी चालू-बंद करून बघा. चिमणी अजून घेतली नसेल तर सक्शनइतकाच तिच्या आवाजाचा आकडाही बघा. संवादांसाठी याचा उपयोग महागड्या सेंटरइतकाच होईल.

आणि एक नाजूक गोष्ट, तुम्हाला माहीत असेलही. वय वाढलं की आधी वरच्या फ्रिक्वेन्सी ऐकू येणं कमी होतं. स, श, थ, फ ही व्यंजनं तिथेच असतात. ‘आवाज येतो पण शब्द कळत नाहीत’ हे सासूबाईंचं वाक्य अगदी नेमकं आहे. कानाच्या डॉक्टरांकडे एकदा ऑडिओमेट्री करून घ्या. तपासणी अर्ध्या तासाची आहे, आणि तिच्या निकालावरून सेंटर किती वाढवायचा हेही ठरवता येईल. रिसीव्हरमध्ये सेंटरची पातळी इतरांपेक्षा दोन-तीन डेसिबल वर ठेवणं हा साधा आणि चालणारा उपाय आहे. सेट-टॉप बॉक्सवरच्या मालिका बहुधा स्टीरिओत येतात. त्यांच्यासाठी रिसीव्हरवर ‘डॉल्बी सराउंड’ मोड लावला की संवाद सेंटरकडे ओढले जातात. हे बटण सासूबाईंना जरूर दाखवून ठेवा.

आता बास. हॉल, स्वयंपाकघर आणि पॅसेज मिळून तुमची मोकळी जागा साडेतीन हजार घनफुटांच्या घरात जाते. दार लावलेली दहा बाय बाराची खोली साडेअकराशे घनफुटांची असते. म्हणजे तिप्पट. शिवाय बंद खोलीत भिंतींमुळे खालचा बास आपोआप उचलला जातो, तो फायदाही मोकळ्या हॉलमध्ये मिळत नाही. दुकानातली डेमो रूम बंद आणि गाद्या लावलेली असते, म्हणून तिथे आठ इंची सबवूफर छाती हलवतो आणि घरी आणला की हरवतो. मग लोक त्याचा नॉब शेवटापर्यंत फिरवतात, आणि तो फुरफुरायला किंवा खणखणायला लागतो. तेवढ्याच जोरात २० हर्ट्झ वाजवायला ४० हर्ट्झच्या चौपट हवा हलवावी लागते. बारा इंची कोनचं (स्पीकरच्या मागेपुढे हलणाऱ्या पडद्याचं) क्षेत्रफळ आठ इंचीच्या सव्वादोन पट असतं. त्यामुळे तुमच्यासाठी बारा इंची पोर्टेड सबवूफर, निदान २५ हर्ट्झपर्यंत उतरणारा. जागा असेल तर दोन दहा इंची त्याहून बरे. दोन वेगळ्या जागी ठेवले की सोफ्याच्या एका टोकाला धडधड आणि दुसऱ्या टोकाला काहीच नाही, असा प्रकार बराच कमी होतो.

‘मोठा सबवूफर म्हणजे खालच्यांना जास्त त्रास’ असं वाटणं साहजिक आहे. त्रास कोनच्या आकाराने होत नाही, किती जोरात वाजवता त्याने होतो. मोठा सबवूफर कमी आवाजात स्वच्छ चालतो, छोटा ताणला की घों-घों करतो, आणि ऐकणाऱ्याला तेच जास्त टोचतं. खाली रबराचं किंवा फोमचं जाड पॅड ठेवाच, त्याने कॅबिनेटची थरथर फरशीत उतरत नाही. मात्र हवेतून स्लॅबला धडकणारा बास पॅडने थांबत नाही. पडद्यांनी आणि गालिच्यानेही नाही. त्याला उपाय एकच, पातळी कमी ठेवणं. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहानंतर सबवूफर सहा डेसिबल खाली आणा आणि रिसीव्हरचा नाइट मोड चालू करा. त्याने स्फोट दबतात आणि हळू बोलणं वर येतं.

सबवूफरची जागा डोळ्यांनी ठरवू नका. तो तात्पुरता सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बासचं एखादं गाणं लावा आणि हॉलभर जिथे-जिथे तो ठेवणं शक्य आहे तिथे खाली वाकून ऐका. जिथे बास भरीव आणि एकसारखा ऐकू येईल तिथे सबवूफर ठेवायचा. यासाठी किमान दोन वेगळ्या ठिकाणी पाच ॲम्पियरचा पॉइंट आणि सबवूफरच्या केबलचा पाइप आधीच काढलेला हवा. एक टीव्हीच्या भिंतीवर बाल्कनीच्या कोपऱ्याकडे, दुसरा सोफ्यामागे.

सोफा पुढे घ्यायचं कारण आता सांगता येईल. ११ फूट रुंदीच्या खोलीत ५१ आणि १०२ हर्ट्झला आवाज दोन भिंतींमध्ये अडकून घुमतो आणि अगदी भिंतीशी तो सगळ्यात जास्त असतो. पुरुषांच्या बोलण्याचा पाया १०० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणून डोकं भिंतीला टेकलेल्या माणसाला संवाद जाडसर, गढूळ ऐकू येतात. डोकं भिंतीपासून दोन फूट पुढे आणलं तर १०२ चा फुगवटा अर्ध्याहून खाली येतो. ५१ चा मात्र थोडाच कमी होतो. डोकं एवढं पुढे यायला सोफा फक्त फूटभर पुढे घ्यावा लागतो. मागे जी चिंचोळी जागा उरते तिथे पुस्तकांचं बुटकं शेल्फ बसेल.

समोरच्या डाव्या-उजव्या स्पीकरांमध्ये साडेसहा ते नऊ फूट अंतर ठेवा आणि दोन्ही टीव्हीच्या मध्यापासून सारख्या अंतरावर असू द्या. ट्विटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, म्हणजे फरशीपासून तीन ते साडेतीन फुटांवर. डावा स्पीकर काचेच्या कोपऱ्याशी जास्त घुमेल आणि उजवा मोकळ्या बाजूला पातळ वाटेल. डावा काचेपासून निदान दोन फूट आत घ्या, बाकीचं रिसीव्हरचं कॅलिब्रेशन (माइकने मोजून आवाज जुळवून घेणं) बऱ्यापैकी सांभाळतं.

सराउंड स्पीकर आदर्श जागी म्हणजे कानाच्या बाजूला थोडे मागे, टीव्हीच्या दिशेपासून ११० ते १२० अंशांवर हवेत. तुमच्याकडे डावीकडे काच आणि उजवीकडे काहीच नाही. अशा वेळी दोन्ही मागच्या भिंतीवर लावा. सोफ्याच्या प्रत्येक टोकापासून दोन फूट बाहेर, कानापेक्षा एक ते दीड फूट वर, तोंड एकमेकांकडे आणि किंचित पुढे. छोटे, दोन-तीन किलोचे स्पीकर पुरतात, पण ते जिप्समच्या नव्हे, विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंतीत प्लगने बसवा. ७.१ मधले मागचे दोन स्पीकर तुमच्या खोलीत विसरा. भिंत डोक्यामागे दोन फुटांवर असताना ते सराउंडच्या शेजारीच येतील आणि वेगळेपणा काहीच मिळणार नाही.

छतातल्या स्पीकरांबद्दल तुमच्या इंटिरियरवाल्यांशी मोकळेपणाने बोला. गाणी, भजनं, सणावाराला सगळ्या घरात हलका आवाज हवा असेल तर छतातले स्पीकर उत्तम. सिनेमासाठी समोरचे तीन छतात नकोत. पडद्यावर माणसाचे ओठ हलतात आणि बोलणं डोक्यावरून येतं, हे दहा मिनिटांतच खटकायला लागतं. ॲटमॉससाठी (वरूनही आवाज येणारी डॉल्बीची पद्धत) वरचे दोन मात्र छतात चालतील. सोफ्याच्या किंचित पुढे, समोरच्या डाव्या-उजव्या स्पीकरांच्या रेषेत. पंख्याच्या पात्याच्या टोकापासून दोन फूट तरी लांब. फॉल्स सीलिंगचा गाळा मोजून घ्या, कॅटलॉगमधल्या खोलीपेक्षा इंचभर जास्त हवा. जिप्सम बोर्डवर नुसता क्लॅम्प घट्ट केला की कालांतराने बोर्ड कुरकुरतो, म्हणून छिद्राभोवती वरून प्लायची रिंग मारून घ्या. छताकडे आवाज फेकून परतवणारे ‘अप-फायरिंग’ मॉड्यूल तुमच्यासाठी नाहीत. त्यांना सपाट मोकळं छत लागतं. कोव्ह, बीम आणि पंखा असला की आवाज कुठेही विखुरतो. वरचे स्पीकर आत्ता घेतलेच पाहिजेत असं नाही. वायर मात्र आत्ताच ओढा.

साउंडबारचा दिरांचा सल्ला मी सहज टाकून देणार नाही. भाड्याचं घर असतं, भिंतींना हात लावता आला नसता किंवा बजेट सत्तर हजारांच्या आत असतं, तर वेगळा सबवूफर आणि मध्ये खरे सेंटर ड्रायव्हर असलेला ३.१ साउंडबार हेच माझंही उत्तर असतं. मालिका, बातम्या, क्रिकेट एवढंच बघायचं असेल तर आजही आहे. पण भिंतींवर आवाज आपटून सराउंडचा भास करणारे बार तुमच्याकडे उजव्या बाजूला काय वापरणार? तिथे भिंतच नाही. डावीकडून आवाज परत येईल, उजवीकडून निघून जाईल. स्वतःचं घर, वायरिंग अजून उघडं आणि दोन लाख हातात असताना वेगळे स्पीकर आणि रिसीव्हर घेणंच शहाणपणाचं. दहा वर्षांनी रिसीव्हर बदलावा लागला तरी स्पीकर तसेच राहतात.

हातात पंधरा दिवस आहेत, तेव्हा स्पीकरचं मॉडेल ठरवण्याआधी पाइप टाकून घ्या. रिसीव्हरच्या जागेपासून प्रत्येक स्पीकरपर्यंत २५ एमएमचा कंड्युट, वळणाला काटकोनी एल्बोऐवजी गोल बेंड, आणि प्रत्येक पाइपात एक जादा ओढतार. स्पीकरसाठी शुद्ध तांब्याची दीड स्क्वेअर एमएमची दोन पदरी वायर बहुतेक ठिकाणी पुरते. सोफ्यामागे आणि छतात, जिथे लांबी पन्नास फुटांजवळ जाते किंवा स्पीकर चार ओहमचा आहे, तिथे अडीचची घाला. स्वस्त वायर बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम असते. टोक खरवडून बघा, आत चंदेरी दिसलं तर परत करा. विजेच्या पाइपापासून फूटभर लांब चला, ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. टीव्हीमागून युनिटपर्यंत दोन इंची पाइप ठेवा म्हणजे एचडीएमआय केबल पुढे बदलता येईल. टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हीकडे ईएआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलमधून रिसीव्हरकडे पाठवायची सोय) आहे ना, ते बघून घ्या. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना नाव लिहिलेली चिकटपट्टी लावा आणि पीओपी चढण्याआधी भिंती-छताचे फोटो काढून ठेवा. स्पीकर लावल्यावर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल वायरच्या टोकांना क्षणभर टेकवा. टक्क असा आवाज आला म्हणजे वायर शाबूत. सेलचा प्लस लाल वायरला लावल्यावर कोन बाहेर ढकलला गेला म्हणजे प्लस-मायनसही बरोबर. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर बास गायब होतो आणि लोक दोष सबवूफरला देतात.

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर रिसीव्हर आणि सबवूफर त्या लाइनवर घेऊ नका, स्पीकरमधून गुणगुण येते. अर्थिंग तपासून घ्या. रिसीव्हरच्या वर पाच-सहा इंच मोकळी जागा हवी, बंद कप्प्यात तो उन्हाळ्यात तापून बंद पडतो.

व्हिट्रिफाइड टाइल, काच आणि रंगवलेल्या भिंती असलेल्या नव्या हॉलमध्ये एकदा टाळी वाजवून बघा. टाळीमागे खणखण राहिली तर सगळ्यात महाग स्पीकरही तिथे कर्कश वाटेल. सोफा आणि टीव्हीमध्ये सहा बाय नऊचा जाड गालिचा, स्लायडिंगला रुंदीच्या दुप्पट कापडाचे भरदार पडदे आणि सोफ्यामागच्या भिंतीवर दोन इंची रॉकवूलचे कापड लावलेले एक-दोन पॅनेल. आजीची गोधडी भिंतीवर टांगायचा विचार असेल तर टांगा. वरची खणखण ती थोडी घेते, फक्त पॅनेलची बरोबरी करत नाही.

दोन लाखांची वाटणी साधारण अशी : समोरच्या तीन स्पीकरांना साठ-पासष्ट हजार, रिसीव्हरला पंचावन्न-साठ, सबवूफरला पंचेचाळीस-पन्नास, सराउंडच्या जोडीला पंधरा-अठरा, आणि वायर, स्टँड, ब्रॅकेटला उरलेले आठ-दहा. ही ५.१ झाली. रिसीव्हर सात चॅनलचा घ्या म्हणजे वरचे दोन नंतर जोडता येतील. पैसे कमी पडले तर सराउंड सहा महिने थांबवा, पण सेंटर आणि सबवूफरमध्ये काटकसर नको.

दुकानात ऐकायला जाताना संवादांचा एखादा मराठी प्रसंग आणि घरी जेवढ्या आवाजात ऐकता तेवढाच आवाज, एवढंच घेऊन जा. दोन स्पीकरांची तुलना करताना दोन्हींची पातळी सारखी करून घ्या, कारण जो किंचित मोठा वाजतो तोच नेहमी छान वाटतो. खुर्ची बाजूला सरकवून सेंटर ऐका. सासूबाईंना बरोबर न्या आणि त्यांनाच विचारा. सबवूफर घरी आणून बघायची सोय आहे का, हेही तिथेच विचारा.

सगळं लागल्यावर कॅलिब्रेशनसाठी रिसीव्हरसोबतचा माइक ट्रायपॉडवर, बसलेल्या कानाच्या उंचीला ठेवा. हातात धरू नका, सोफ्याच्या पाठीवर ठेवू नका. पंखा, चिमणी, एसी बंद. पहिली नोंद तुमच्या मुख्य जागेवर, बाकीच्या तिच्या आजूबाजूला दोन फुटांत. डायनिंगवर एक घ्यावी असा मोह होईल, घेऊ नका, त्याने सोफ्याचा हिशेब बिघडतो. नंतर सेटिंगमध्ये जाऊन सगळे स्पीकर ‘स्मॉल’ आणि क्रॉसओव्हर ८० आहे ना ते तपासा. काही रिसीव्हर आपणहून ‘लार्ज’ करून ठेवतात. छोट्या सराउंडला १०० किंवा १२० लागेल.

मग एका संध्याकाळी खालच्या काका-काकूंकडे जा. तुमच्यापैकी एकाने त्यांच्या हॉलमध्ये आणि बेडरूममध्ये बसायचं, दुसऱ्याने वर मारामारीचा प्रसंग लावून फोनवर बोलत आवाज हळूहळू वाढवायचा. खाली ज्या आकड्याला धडधड जाणवायला लागेल तो लिहून घ्या. रिसीव्हरमध्ये कमाल आवाजाची मर्यादा लावायची सोय असते, ती त्या आकड्याच्या पाच खाली लावून टाका.